यारीचा कुत्रा

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'साधी यंत्रे' नावाचा एक धडा असतो. तरफ, उतरण, कप्पी, चाक आणि आस. अभ्यासक्रम कितीदा बदलले, मुखपृष्ठे बदलली, पण या धड्यातली चित्रे काही बदलली नाहीत. प्रत्येक चित्रात कोणीतरी काहीतरी वर उचलत असतो. गणितेही तशीच. अमुक भार उचलायला किती बल लावावे लागेल? तोच भार खाली कसा उतरवायचा, हे मात्र एकाही चित्रात नसते. जणू खाली जाणे ही आपोआप होणारी गोष्ट, त्यात शिकवण्यासारखे ते काय!

विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला हे पटणार नाही. आणि विहिरीच्या तळाशी उभ्या असलेल्याला तर मुळीच नाही.

आज मला ज्या यंत्राबद्दल लिहायचे आहे ते म्हणजे विहीर खोदताना काठावर बसवतात ती हाताची यारी. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात कोणी तिला यारी म्हणतो, कोणी सरळ क्रेन. दोन हँडले, एक छोटे दातेरी चाक, एक मोठे दातेरी चाक, तारेचा दोर गुंडाळायचा ढोल, पुढे आलेला लोखंडी हात आणि त्याच्या टोकाला कप्पी. बस्स, एवढाच संसार. आजच्या मुलांनी ती पाहिली असण्याची शक्यता कमी, कारण तिची जागा डिझेल इंजिनच्या यारीने केव्हाच घेतली. पण या साध्या यंत्रात एक बोटभर लांबीचा तुकडा असतो आणि माझ्या मते या यंत्राचा सगळा इतिहास त्या तुकड्यात साठवलेला आहे. त्याच्याकडे येतोच, पण आधी विहिरीकडे जाऊ.

आमच्या जिल्ह्याचे लोक जिल्ह्याचे दोन भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली पूर्णेचे खोरे. खोल काळी माती, आणि संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावकडच्या बऱ्याच गावांत खारपाणपट्टा. तिथे खणणे सोपे, पण भिंत ढासळण्याची भीती मोठी आणि एवढे करून लागलेले पाणी खारट. घाटावर बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. इथे वीतभर मातीखाली मुरूम, मुरमाखाली मांजऱ्या आणि त्याखाली काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून झालेला हा दगड. लोणारचे विवर ज्यात पडले तोच. घाटावर विहीर खोदायची म्हणजे या पाषाणातून वाट काढायची.

जुन्या लोकांनी यावर एक उपाय काढला होता, तो म्हणजे बारव. सिंदखेडराजाला जिजाऊंचे जन्मस्थान पाहायला जाणारे लोक लखुजी जाधवांचा वाडा पाहतात आणि परततात. थोडे आणखी चालले तर पुतळा बारव पाहायला मिळते. बारवेत पाणी वर आणायचे नसते, माणसाने पाण्यापर्यंत उतरायचे असते. पायऱ्या आहेत, थांबायला जागा आहे, घागर डोक्यावर घेऊन बाई आपल्या पायांनी वर येते. त्यात दोर नाही, चाक नाही, सुटण्यासारखे काही नाही. पण बारव बांधणे म्हणजे राजाचे किंवा धनवंताचे काम. शेतकऱ्याला परवडते ती उभी, सरळ कड्याची विहीर. तिथे पायऱ्या गेल्या आणि दोर आला. आणि दोर आला की प्रश्नही आला, हात सुटला तर?

पाणी काढण्यापुरते या प्रश्नाचे उत्तर मोटेने फार सुंदर दिले होते. माझ्या वयाच्या लोकांनी मोट चालताना पाहिली आहे. चामड्याची मोट, तिला वरून जाड नाडा आणि सोंडेला पातळ सोंदूर, काठावर चाक, आणि विहिरीपासून दूर उतरत जाणारी धाव. बैल धावेवरून उतरत जातात तशी भरलेली मोट वर येते आणि थारोळ्यात रिकामी होते. मोटकऱ्याची गाणी सगळ्यांना ठाऊक आहेत. पण पुढचा भाग कोणी सांगत नाही. मोट रिकामी झाल्यावर बैल पाठमोरे, मागे मागे चढत विहिरीकडे येतात. मोट खाली पडत नाही, बैलांच्या पावलांनी खाली जाते. बैलाला पुढे चालवणे कोणालाही जमते, मागे चालायला शिकवायला मात्र दिवसच्या दिवस जात. पुढे तर भरली मोट खांद्यावर असताना बैल अडखळला तर तो नुसता उभा राहिला तरी भार जागच्या जागी राही. म्हणजे ब्रेक बैलाच्या चार पायांत होता.

१९६० साली राज्य विद्युत मंडळ झाले, हळूहळू शिवारात वीज आली. त्याआधीपासून ऑइल इंजिने येतच होती. मोट गेली. पाणी पाइपातून वर येऊ लागले आणि पाण्यापुरता उचलण्या-उतरवण्याचा प्रश्नच संपला.

पण दगडाचा संपला नाही. पाणी पाइपातून येते, दगड येत नाही.

आपण एक हिशोब करू. (शिक्षकी सवय आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावे.) सहा मीटर व्यासाची आणि बारा मीटर खोल विहीर धरा. तिचे घनफळ येते सुमारे ३४० घनमीटर. अखंड काळा पाषाण घनमीटरला पावणेतीन टनांच्या आसपास भरतो. माती आणि मुरूम हलके, म्हणून सरासरी सव्वादोन टन धरू. तरी एकूण वजन साडेसातशे टनांच्या वर जाते. म्हणजे दहा टनी पंचाहत्तर ट्रक. आपण विहिरीत डोकावतो तेव्हा आपल्याला पाणी दिसते. तिथून पंचाहत्तर ट्रक दगडमाती माणसांनी वर आणली आहे, हे मनात येत नाही.

पहिले दोन-तीन मीटर घमेली डोक्यावरून, हातोहात निघतात. त्यापुढे कडेने पायऱ्या ठेवून. हे काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्यांत वडार समाज मोठा. त्यांच्यात माती वडार, गाडी वडार, पाथरवट असे कामावरून पडलेले भेदच आहेत. पहार, घण, सुतकी आणि छिन्नी एवढ्यावर या लोकांनी अर्ध्या महाराष्ट्राच्या विहिरी खोदल्या. पाच-सहा मीटरच्या खाली मात्र डोक्यावरचे काम परवडत नाही. तिथे यारी बसते.

आता यारीचा हिशोब. हँडलची लांबी ४० सेंटिमीटर आणि ढोलाची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर चौपट फायदा. मध्ये एकास पाच अशी दातेरी चाके असतील तर आणखी पाचपट. एकूण वीसपट. दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी दहा-दहा किलोचा जोर लावला तर कागदावर ४०० किलो उचलले जावेत. घर्षणात बरेच जाते, तरी दीडशे किलोचा भरलेला लोखंडी डोल आरामात वर येतो. पण निसर्ग फुकट काही देत नाही. बारा मीटर दोर गुंडाळायला ढोल एकोणीस वेळा फिरतो आणि त्यासाठी हँडल पंचाण्णव वेळा फिरवावे लागते. दोन धडधाकट माणसांना एका खेपेला अडीच-तीन मिनिटे लागतात. दीडशे किलोच्या हिशोबाने साडेसातशे टनांसाठी अशा पाच हजार खेपा. तळ गाठेपर्यंत महिने जातात ते यामुळे.

इथवर पुस्तकातला धडा झाला. आता पुस्तकात नसलेला.

अर्ध्या वाटेत एकाचा घामेजला हात हँडलवरून निसटला तर काय होईल? वीसपट फायदा आता उलटा चालू लागतो. दीडशे किलोचा डोल ढोलाला उलटा फिरवतो, ढोल हँडलला पाचपट वेगाने फिरवतो. दोर सेकंदाला पाच मीटर सुटू लागला की हँडल सेकंदाला चाळीस फेरे घेते. हे डोळ्यांना दिसतही नाही, फक्त एक धूसर लोखंडी वर्तुळ दिसते. ते थांबवायला जो हात पुढे करतो त्याचे मनगट जाते, कधी जबडा जातो. आणि खाली? बारा मीटरवरून सुटलेला दगड दीड सेकंदात तळाला पोचतो, तेव्हा त्याचा वेग ताशी ५५ किलोमीटर असतो. वरून 'हटा!' असे ओरडेपर्यंत तो पोचलेला असतो.

यासाठीच तो बोटभर तुकडा. ढोलाच्या बाजूला तिरप्या दातांचे एक चाक असते आणि त्यावर वरून पडलेली एक लोखंडी जीभ. चाक वर उचलण्याच्या दिशेने फिरले की जीभ दातांवरून टक टक करत घसरते. चाक उलटे फिरू लागले की ती दातात रुतते आणि सगळे जागच्या जागी थांबते. आमच्याकडचे मिस्त्री या जिभेला 'कुत्रा' म्हणतात. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतात तेही कुत्रेच. पंजाबात विहिरीच्या रहाटाला बैल थांबल्यावर माळ उलटी फिरू नये म्हणून अशीच खिटी असते आणि तिलाही 'कुत्ता'च म्हणतात. ज्याने हे नाव ठेवले तो यंत्र जाणणारा होता. येणाऱ्याला येऊ देतो, पण परत जाऊ देत नाही. राखण करतो, आणि टकटक करत जागा असल्याचे सांगतो.

पण कुत्र्याची एक अडचण आहे. तो उचलताना राखण करतो. उतरवायचे असेल तर त्याला उचलून बाजूला करावेच लागते. म्हणजे ज्या क्षणी भार खाली जाणार, नेमक्या त्याच क्षणी राखणदार दाराबाहेर. मग राहतो तो ढोलावर आवळायचा पट्ट्याचा ब्रेक आणि तो धरणारा एक हात.

आमच्या भागात आयुष्यभर विहिरींवर काम केलेल्या एका म्हाताऱ्या गड्याला मी एकदा विचारले होते, भीती कधी वाटायची? मला वाटले सुरुंगाच्या वेळी म्हणेल. तो म्हणाला, "गुरुजी, डोल वर जाये तवा काई नाई वाटे. डोल खाली येये तवाच भेव लागे. कावून का, वर जानारा डोल चार जन धरतात, खाली येनारा एकटाच धरते."

यापेक्षा नेमके वाक्य मी कोणत्याही पुस्तकात वाचलेले नाही.

हा प्रश्न काही आमच्या विहिरींपुरता नव्हता. साऱ्या जगाला तो छळत होता. विदर्भातच हिंगणघाटला विल्यम लॅम्टन याची कबर आहे. भारताचे महाप्रचंड त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारा हा माणूस १८२३ साली तिथे वारला. त्याच्याजवळचा कोन मोजण्याचा थिओडोलाइट अर्धा टन वजनाचा होता. १८०८ साली तो तंजावरला होता. गादीवर तेव्हा सरफोजीराजे भोसले, म्हणजे आपलेच लोक. सपाट प्रदेशात झाडांच्या वरून दूरवर दिसावे म्हणून लॅम्टनने ते यंत्र बृहदीश्वराच्या उंच विमानावर दोरांनी चढवायला घेतले. ताणाचा एक दोर तुटला आणि पेटीसकट यंत्र मंदिराच्या भिंतीवर आदळले. ज्या यंत्रावर देशाचा नकाशा अवलंबून होता ते वाकडे झाले. लॅम्टनने नंतर दीड महिना खपून ते सरळ केले. दोर किती भार घेईल याचा अंदाज तिथे होता, दोर तुटलाच तर काय, याची तजवीज नव्हती.

पुढच्या पन्नास वर्षांत या 'तुटलाच तर' वर लोकांनी डोके चालवले. १८३४ च्या सुमारास जर्मनीतल्या हार्झ भागातल्या खाणींवर विल्हेल्म आल्बर्ट नावाच्या अधिकाऱ्याने लोखंडी तारा पिळून दोर केला. साखळी न सांगता तुटते, एक कडी गेली की सगळे गेले. तारेचा दोर सांगून तुटतो. एक तार तुटते, दुसरी तुटते, त्यांची टोके बाहेर येतात, हाताला टोचतात. पाहणाऱ्याला वेळ मिळतो, पाहिले तर.

१८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात एलिशा ओटिस नावाचा कारागीर लोकांदेखत एका पाळण्यावर उभा राहून वर गेला आणि त्याने वरचा दोर तोडायला लावला. पाळणा जेमतेम खाली सरकून थांबला. दोराचा ताण गेला की दोन्ही बाजूंचे दाते आपोआप खांबांच्या खाचांत रुतत अशी त्याची योजना होती. नीट पाहिले तर हाही कुत्राच, फक्त कोणी टाकायची वाट न पाहणारा. आज जगभरच्या उंच इमारती त्या भरवशावर उभ्या आहेत.

त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये थॉमस वेस्टन याने एक कप्पी बनवली. वर एकाच आसावर जोडलेली किंचित लहानमोठी दोन चाके आणि त्यांवरून फिरणारी एक सलग साखळी. मोठ्या चाकाची त्रिज्या दहा आणि लहानाची नऊ असेल तर वीसपट फायदा मिळतो. खरी गंमत पुढेच आहे. या कप्पीत लावलेल्या मेहनतीपैकी निम्म्याहून जास्त घर्षणात जाते. परीक्षेत लिहायचे तर कार्यक्षमता पन्नास टक्क्यांहून कमी, म्हणजे यंत्र वाईट. पण ज्या यंत्राची कार्यक्षमता निम्म्याहून कमी असते त्यातला भार हात सोडल्यावर खाली येतच नाही. घर्षण त्याला धरून ठेवते. उतरवायचे तर साखळी उलट्या बाजूने ओढावी लागते, ओढणे थांबवले की भार थांबतो. घर्षणाला आम्ही फळ्यावर 'वाया गेलेली ऊर्जा' म्हणून लिहीत आलो. इथे ती वाया जात नाही, ती पहाऱ्यावर असते.

पुढे गिअर बसवलेल्या आणि हलक्या चालणाऱ्या चेन कप्प्या आल्या. त्यांच्यात घर्षण कमी, म्हणून मुद्दाम एक ब्रेक घातला गेला. भार स्वतःच्या वजनानेच दोन चकत्या एकमेकांवर आवळतो आणि उलटी साखळी ओढेपर्यंत त्या सुटत नाहीत. जितका भार जास्त तितकी पकड घट्ट. आमच्या खामगाव, मलकापूर, चिखलीच्या कोणत्याही गॅरेजमध्ये जा. ट्रकचे इंजिन अशा कप्पीला लटकवून खाली मिस्त्री दुसरे काम करताना दिसेल. त्याने कप्पी कोणाच्या हातात दिलेली नसते, साखळी तशीच सोडून दिलेली असते.

खामगावचे नाव आलेच आहे तर थोडे सांगतो. १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली, ती आमच्या मलकापूर-शेगाववरूनच. १८७० साली जलंब ते खामगाव हा फाटा सुरू झाला, तो केवळ कापसासाठी. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्या वेळी खामगावला आले होते. रेल्वेबरोबर मालधक्के आले, गठाणी बांधायचे प्रेस आले आणि ओझी उचलायची हाताची यंत्रे आली. म्हणजे सुरक्षित उचलण्या-उतरवण्याची विद्या जिल्ह्यात येऊन दीडशे वर्षे होऊन गेली. कापसाची गठाण त्या विद्येने चढली आणि उतरली. विहिरीच्या काठापर्यंत मात्र ती अर्धीच पोचली. उचलण्याचा अर्धा भाग पोचला, उतरवण्याचा वाटेत राहिला.

यारीचे खरे दिवस आले ते दुष्काळानंतर. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना वेगळे सांगायला नको. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यातून रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. पुढे जवाहर विहिरी आल्या. शेतकरी आत्महत्यांच्या काळात, २००६ नंतर, अमरावती, अकोला, वाशिम, बुलडाणा, यवतमाळ आणि वर्धा या सहा जिल्ह्यांत धडक सिंचन विहिरी आल्या. नंतर रोजगार हमीच्याच मनरेगा या रूपातून पुन्हा विहिरी. योजना चांगल्याच होत्या. कोरडवाहू शेतकऱ्याला विहीर म्हणजे काय हे मी सांगायची गरज नाही. एका विहिरीने एक घर उभे राहते, मुलीचे शिक्षण थांबत नाही.

पण योजना आली की उद्दिष्ट येते आणि उद्दिष्टाबरोबर मार्च महिना येतो. हाताच्या यारीला खेपेमागे तीन मिनिटे लागत. डिझेल इंजिन लावले की पाव मिनिटात डोल वर. ढोल तोच, हात तोच, कप्पी तीच, फक्त हँडलच्या जागी इंजिन बसले. उचलण्याचा वेग दहापट झाला. उतरवण्याचे काय? ते बहुतेक ठिकाणी पूर्वीसारखेच राहिले. क्लच सोडायचा, दोर मोकळा सोडायचा आणि ब्रेकचा दांडा एका माणसाने धरायचा. चार जणांचे एकाने धरणे होतेच, आता तो एकटाही दिवसाकाठी कैक पटींनी जास्त वेळा धरू लागला.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावाजवळच एका शिवारात मी अशी यारी चालताना पाहिली. कुत्रा होता, पण तो तारेने वर बांधून ठेवला होता. मी चालवणाऱ्या मुलाला विचारले, तर तो हसून म्हणाला, "गुरुजी, दर खेपेले कोन उचलत बसते त्याले?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याला खेपेवर पैसे मिळत होते. त्याच डोलात एक पाय टाकून, दोराला धरून दोन माणसे खाली उतरली. दोराच्या तुटक्या तारा मला काठावरून दिसत होत्या. त्यांना त्या रोज दिसत असणार. भार उचलायच्या यंत्रातून माणसाने जायचे नसते, हा जगभरचा पहिला नियम. पण बारा मीटर खोल विहिरीत उतरायला दुसरी वाट ठेवलीच नव्हती.

उन्हाळ्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते. विहिरीचे काम चालू असताना यारीचा दोर तुटून मजूर ठार. गावाचे नाव बदलते, बाकी मजकूर तोच. 'दोर तुटून' हे वाचताना माझ्यातला शिक्षक अडखळतो. दोर तुटतो हे तर आल्बर्टला १८३४ साली ठाऊक होते, ओटिसने १८५४ साली ते मुद्दाम तोडून दाखवले. दोर तुटणे हे कारण कसे होईल? दोर तुटल्यावर थांबवणारे काही नव्हते, आणि दोराखाली माणूस होता, हे कारण.

कायदा या बाबतीत अगदी गाफील होता असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने ठरवून दिले की, भार उचलण्याचे प्रत्येक यंत्र, साखळी, दोर यांची जाणकाराकडून निदान वर्षातून एकदा कसून तपासणी व्हावी, किती भार चालेल ते त्यावर लिहावे आणि त्याहून जास्त लादू नये. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली वेगळा कायदा झाला, तो दहा किंवा अधिक मजूर असलेल्या ठिकाणांसाठी. हे कायदे पुढे २०२० च्या संहितेत सामावले गेले. पण शेतकऱ्याची विहीर म्हणजे काही कारखाना नव्हे, आणि विहिरीवरची टोळी असते पाच-सात जणांची. कायद्याच्या जाळ्याची भोके मोठी, त्यातून आमची विहीर अलगद निसटली. जिनिंगमधल्या गठाणीवर कायद्याची नजर होती, विहिरीतल्या माणसावर नव्हती.

आणि करायचे तरी काय मोठे आहे? ब्रेक असा हवा की दांडा दाबला तर सुटेल आणि हात काढला की आपोआप आवळेल, आज आहे त्याच्या उलट. वेस्टनच्या काळापासून ही युक्ती जुनी झाली. ढोलाचा व्यास दोराच्या जाडीच्या अठरा-वीसपट तरी हवा, नाहीतर प्रत्येक फेऱ्याला दोर मोडत जातो. रोज सकाळी दोरावरून कापड फिरवावे, अडकले की समजावे तार तुटली आहे. डोल काठोकाठ भरू नये. माणसांना उतरायला वेगळी शिडी, किंवा निदान कमरेला वेगळा दोर. आणि तळाला भिंतीत माणूस उभा राहील एवढी कपार, डोल हलला की तिच्यात शिरायचे. जुन्या टोळ्या अशी कपार आधी कोरून घेत, असे त्याच म्हाताऱ्या गड्याने मला सांगितले होते. सव्वातीनशे-साडेतीनशे घनमीटर दगड फोडताना एवढी कपार म्हणजे काय, अर्ध्या दिवसाचे काम. या सगळ्याचा खर्च विहिरीच्या अंदाजपत्रकात एका ओळीत बसेल. ती ओळ लिहिणारा कोणीतरी हवा.

असो. सरकारी योजनेतून विहीर पूर्ण झाली की काठावर एक पाटी लागते. लाभार्थ्याचे नाव, योजनेचे नाव, वर्ष, खर्च. मोजमाप-पुस्तिकेत खोली, व्यास, किती माती, किती मुरूम, किती कठीण खडक, सगळे घनमीटरमध्ये लिहिलेले असते. दगड किती वर आला याचा हिशोब आपल्याकडे अगदी चोख आहे. माणसे किती वेळा खाली उतरली आणि कशाच्या भरवशावर उतरली, त्यासाठी रकानाच नाही.

या उन्हाळ्यात तुमच्या शिवारात कुठे विहिरीचे काम चालू असेल, तर जाता जाता काठाशी थोडे थांबा. पाणी किती लागले ते सगळेच विचारतात. तुम्ही कुत्रा बांधलेला आहे की मोकळा, ते पाहा. आणि बांधलेला असेल तर विचारा.